नवऱ्याला शिडाच्या बोटीवर राहायला जायचंय. मी काय काय विचारून घेऊ?

विश्रामबागवाली

मंडळी, प्रश्न चेष्टेचा वाटेल, पण खरंच विचारतेय. नवऱ्याने कुपवाडच्या कारखान्यातली नोकरी सोडली, मुलगी लग्न होऊन पुण्यात, आणि आता ह्यांना शिडाच्या बोटीवर राहायचंय. चार दिवस फिरायला नाही, संसार मांडायला. मलेशियात लंगकावीला एक जुनी अडतीस फुटी बोट हेरून ठेवली आहे. दिवाळी झाली की जायचं, बोट घ्यायची, वर्षभर मलेशिया-थायलंडच्या किनाऱ्याने हिंडायचं, जमलं तर पुढे. फ्लॅट विकायचा नाही, भाड्याने द्यायचा, एवढ्यावर मी आणून ठेवलंय.

मी पोहते, चांगली पोहते. कृष्णेत शिकले. बोटीचा अनुभव म्हणाल तर ह्यांच्याबरोबर गोव्यात केलेला आठवड्याचा कोर्स. मजा आली, खोटं कशाला बोलू. पण व्हिडिओत सगळी जोडपी निळ्या पाण्यात उड्या मारताना दिसतात. संडास तुंबला तर काय करतात, पाणी संपलं तर काय, आणि रात्री ह्यांना काही झालं तर मी एकटी काय करू, हे विचारलं की "होतं गं सगळं" असं उत्तर मिळतं. सासरे ८२ वर्षांचे आहेत, तासगावला दिरांकडे असतात, तोही विचार आहेच.

कुणी प्रत्यक्ष राहिलंय का असं? ऐकीव चालणार नाही, ऐकीव घरात भरपूर आहे.

गावभागातला_गण्या

वहिनी, २०१९ च्या पुरात आमच्याकडं दूध पण बोटीतनं येत होतं, तेवढा अनुभव धरा आमचा. चेष्टा ऱ्हाऊ दे. प्लॅन नाद खुळा हाय, दादांना दंडवत. पण फ्लॅटच्या भाड्यात बोट पोसती का, ते बघा आधी.

कराडकर_चीफ

जन्म मर्चंट नेव्हीच्या इंजिन रूममध्ये गेला. शिडाची बोट माझी नाही, पण एका मित्राच्या बोटीवर अधूनमधून इंजिन बघायला (म्हणजे त्याचं इंजिन वाचवायला) जात असतो. त्यामुळे पैशाचं आणि यंत्राचं मी बोलतो, संसाराचं दुसरं कुणी बोला.

ढोबळ हिशेब असा की बोट जेवढ्याला घ्याल त्याच्या साधारण दहा टक्के दर वर्षाला देखभालीला बाजूला ठेवायचे. जुनी बोट स्वस्तात मिळाली तर टक्का वाढतो, कारण शिडं, तारा, इंजिन हे नव्या भावानेच येतं, तुमची बोट किती जुनी हे बघत नाही. डोलकाठी ज्या स्टीलच्या तारांवर उभी असते त्या वरून चकचकीत दिसतात आणि टोकाच्या जोडात आतून खचतात. दहाएक वर्षांनी त्या बदलायच्याच. पुष्कळ विमा कंपन्याही हेच विचारतात. शिडांना वारा फाडत नाही तेवढं ऊन खातं. आणि दर वर्ष-दीड वर्षाने बोट क्रेनने पाण्याबाहेर काढून बुडाचं शेवाळ, शिंपले खरवडून विषारी रंग द्यावा लागतो, नाहीतर वेग निम्म्यावर. बोट ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्याच्या दांड्यावर जस्ताचा एक तुकडा बसवलेला असतो. खाऱ्या पाण्यात तो स्वतः झिजून पंखा वाचवतो. तो संपलाय की आहे, हे बघायला कुणीतरी बुडी मारायची. वहिनी, पोहते म्हणालात ना, काम मिळालं तुम्हाला.

विकत घेण्याआधी बोट पाण्याबाहेर काढून सर्व्हेअरकडून तपासून घ्या. तो विकणाऱ्याने सुचवलेला नको, तुमचा तुम्ही शोधलेला. हातोडीने बुड ठोकून आवाज ऐकणारा, ओलावा मोजणारा. आणि एक गोष्ट तुम्ही स्वतः बघा. गॅसचं सिलिंडर कुठे आहे? एलपीजी हवेपेक्षा जड. घरात गळला तर खिडकी उघडून जातो, बोटीत तो तळाशी साचून बसतो आणि पाणी उपसायच्या पंपाची एक ठिणगी पुरते. सिलिंडर वर वेगळ्या पेटीत हवं, आणि त्या पेटीचं भोक थेट समुद्रात उघडणारं हवं. ओट्याखाली सिलिंडर दिसलं तर उठून चालू लागा.

पैसे बाहेर पाठवायची मर्यादा माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर आहे, आणि दहा लाख रुपयांवर गेलात की बँक आधी कर कापून घेते (नंतर रिटर्नमध्ये धरता येतो). बोटीची खरेदी त्यात कशी बसवायची आणि बोटीवर झेंडा कुठल्या देशाचा, हे दोन्ही प्रश्न आधी सीएला आणि तिथल्या एजंटला विचारा. मग टोकन द्या.

पेठकर_सातारा

ज्यांना वाटतंय की घाटावरच्या माणसाचं समुद्रात काय काम, त्यांच्यासाठी: कान्होजी आंग्रे शाहू महाराजांच्या बाजूला आले, बाळाजी विश्वनाथांनी बोलणी केली, आणि सरखेलीचा, म्हणजे आरमारप्रमुखाचा, मान साताऱ्याच्या गादीकडून गेला. आरमार कोकणात, पण गादी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी. आपल्या काळातलं सांगायचं तर नौदलाच्या कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, असं करणारे पहिले भारतीय. बोट 'म्हादेई', गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली. अभिलाष टॉमी यांनी तीच बोट घेऊन २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता केली.

गावभागातला_गण्या

पेठकर काका, वहिनींनी संडासाचं विचारलंय. तुम्ही सरखेलीवर गेलात.

सज्जनगड_ते_सागर

उशिरा बघितला धागा. आम्ही दोघं साताऱ्याचे. बोटीवर राहायला लागून बरीच वर्षं झाली. सध्या बोट लंगकावीतच यार्डात जमिनीवर उभी आहे आणि आम्ही सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी घरी. तुमच्या प्रश्नांच्या क्रमाने जात नाही, मला जे महत्त्वाचं वाटतं तिथून सुरुवात करते.

नवऱ्याचं वजन किती?

हा पहिला प्रश्न. माणूस पाण्यात पडला की बोट वळवून त्याच्याजवळ नेणं कोर्समध्ये शिकवतात. माणूस म्हणून फेंडर (बोट धक्क्याला घासू नये म्हणून कडेला टांगायचा फुगा) टाकतात आणि आकडीने उचलून घेतात. फेंडर दोन किलोचा. तुमचे हे ऐंशीच्या पुढे असतील, कपडे भिजलेले, दमलेले, कदाचित मार लागलेला. अडतीस फुटी बोटीचा कठडा पाण्यापासून चार फूट वर असतो, आणि लाटांवर बोट खालीवर आपटत असते. हाताने ओढून घेणं पैलवानालाही जमत नाही. ते काम शीड वर चढवायच्या दोराने करायचं असतं. दोराचं टोक खाली सोडायचं, त्यांच्या पट्ट्याला अडकवायचं, आणि विंचवर (दोर गुंडाळून ओढायच्या रहाटावर) हँडल फिरवत माणूस वर घ्यायचा. हे तुम्ही एकटीने, नांगरावर उभ्या बोटीत, शांत पाण्यात करून बघा. नवऱ्याला पाण्यात उतरवायचं, अंग सैल सोडायला सांगायचं आणि वर घ्यायचं. विंच लहान पडतोय का, दोर तिथवर पोचतोय का, कठड्याची तार सोडावी लागते का, सगळं तिथल्या तिथे कळतं. ज्या बोटीवर हे तुम्हाला एकटीला जमत नाही, ती बोट घेऊ नका. किंवा जमेल अशी दोरांची व्यवस्था करून मगच मुक्काम हलवा.

मी कितीतरी जोडपी बघितली. त्यात टिकलेली आणि न टिकलेली असा फरक लावायचा तर तो पैशाचा नाही, पोहण्याचा नाही, वयाचाही नाही. ज्या बोटीवर एकाला सगळं येतं आणि दुसरं माणूस चहा करतं, ती जोडपी दुसऱ्या हंगामात दिसत नाहीत. बोट विक्रीला लागते आणि बाई विमानाने घरी. पाट्यांवर "तब्येतीच्या कारणास्तव" लिहिलेलं असतं. तब्येत ठणठणीत असते.

रात्रीचं सांगते. लांबच्या पल्ल्यात दोघांचीच पाळी असते, तीन तास तू, तीन तास मी. आपली भेट फक्त पाळी बदलताना, एक अर्धवट झोपेत आणि एक झोपायच्या घाईत. पहिल्या दोन-तीन रात्री नकोशा होतात, मग शरीर जुळवून घेतं. आमच्याकडे एकच कडक नियम. पाळीवरच्या माणसाने दुसऱ्याला उठवल्याशिवाय कॉकपिट (चाकापाशी बसायची जागा) सोडून पुढे जायचं नाही, आणि कंबरेचा दोर कायम अडकवलेला. शीड फडफडू दे, फाटू दे. "झोपमोड कशाला करू" हा चांगुलपणा बोटीवर चालत नाही.

संडास: हातपंपाचा असतो, समुद्राचं पाणी ओढून ढकलायचं. पोटातून आल्याशिवाय काहीही आत टाकायचं नाही, कागदसुद्धा नाही. बंदरात असताना सगळं टाकीत साठवायचं आणि बाहेर खोल समुद्रात जाऊन सोडायचं. नळ्यांच्या आत चुन्यासारखा थर चढतो, तो काढायला मधूनमधून व्हिनेगर. तरी तुंबतो. तेव्हा पंप खोलायचा, आणि तो ज्याला त्याला खोलता आला पाहिजे. तुम्हालाही.

विश्रामबागवाली

ताई, वजनाचं वाचून मी आतल्या खोलीत जाऊन वजनकाटा आणला. ८८. हे म्हणाले कशाला मोजतेस. सांगितलं नाही.

पाण्याचं आणि स्वयंपाकाचं पण सांगा ना.

तिचाच_नवरा

नमस्कार. मीच तो. हिने धागा दाखवला, खातं उघडलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की तिने कसलीही काळजी करू नये. मी इंजिनियर माणूस. इंजिन, इलेक्ट्रिक, सोलर, रिगिंग (डोलकाठीच्या तारा-दोर) सगळं मी बघीन. तिने फक्त बरोबर यावं. तिला मी कामाला जुंपायला नेत नाहीये, सुखात ठेवायला नेतोय.

सज्जनगड_ते_सागर

दादा, राग मानू नका. पण तुमचं हे एक वाक्य हाच तुमच्या बेतातला सगळ्यात मोठा धोका आहे, वादळ-बिदळ त्याच्या मागे.

तुम्हाला ताप भरला, पाठ धरली, मुतखडा उठला. (बोटीवर पाणी कमी पितात, मुतखडा उठतोच.) तेव्हा बोट कोण चालवणार? ज्या बाईला "तू फक्त बरोबर ये" म्हणून नेलंय ती? तिने इंजिन चालू-बंद करणं, शीड अर्धं गुंडाळणं, नकाशावर आपली जागा वाचणं, व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबरच्या चॅनलवर मदत मागणं आणि नांगर टाकणं, एवढं तुम्ही खाली झोपलेले असताना, तुमच्या सूचनेशिवाय केलं पाहिजे. तेव्हा तिला भीती वाटणं बंद होईल. भीती लाटांची नसते हो. आपल्या हातात काहीच नाही ह्याची असते.

आणि ती काम करायला लागली की मागून "असं नको, तसं कर" सुरू करू नका. नवऱ्याने बायकोला गाडी शिकवली आणि घरात शांतता राहिली, असं सांगलीत कधी झालंय का? कोर्स तिला वेगळा करू द्या, तुमच्याशिवाय, शक्यतो दुसऱ्या बायकांबरोबर.

दिवली_बंदर

मी मालवणचा, नोकरीने सांगलीत. ताईंशी शंभर टक्के सहमत. नौदलातल्या बायकांच्या पृथ्वीप्रदक्षिणेचं, नाविका सागर परिक्रमेचं बघा. लेफ्टनंट कमांडर दिलना आणि रूपा, २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्यातून 'तारिणी' घेऊन निघाल्या, दक्षिण अमेरिकेच्या टोकाचं केप हॉर्न करून २९ मे २०२५ ला परत. छप्पन फुटी बोट आणि दोघीच. दोघींच्या बोटीवर प्रवासी कुणीच नसतो.

दादांना एक विनंती. बोट परदेशात घ्याच, पण त्याआधी हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर हात साफ करा. ऑक्टोबर ते मे हंगाम. सकाळी मतलई वारा जमिनीकडून, दुपारनंतर खारा वारा वायव्येकडून, रोजचा ठरलेला. शिकायला यापेक्षा शहाणा वारा नाही.

तिचाच_नवरा

मान्य. ताई, रागावलो नाही. थोडा गप्प झालो होतो.

नांगराबद्दल विचारतो. व्हिडिओत सगळीकडे पुरुष चाकावर आणि बाई पुढे नांगरापाशी असते. तसंच करायचं असतं ना?

सज्जनगड_ते_सागर

उलटं करा. साखळी, नांगर, अडकलेला दगड, चिखल, हे ताकदीचं काम नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकावर) असतं, तिथे ८८ किलो जाऊ देत. (ताईंनी इथेच लिहून टाकलंय, आता लपवायचं काय.) चाकावर ताकद लागत नाही, अंदाज लागतो. ओरडाओरड नको म्हणून हाताच्या खुणा आधीच ठरवा: पुढे, मागे, थांब, बंद. पुष्कळ जण डोक्याला लावायचे छोटे वॉकीटॉकी घेतात. नांगर टाकताना बंदरातले बाकीचे सगळे चहा घेऊन आपला तमाशा बघत बसलेले असतात, तेव्हा ते पैसे वसूल होतात.

साखळी किती सोडायची त्याचा हिशेब असा. खोली सहा मीटर. नाळ पाण्यापासून एक मीटर वर. भरतीला पाणी अजून तीन मीटर चढणार असेल तर ते आत्ताच धरायचं. सहा, एक, तीन मिळून दहा. त्याच्या पाचपट, पन्नास मीटर साखळी. वारा वाढणार असेल तर सातपट. ओहोटीला येऊन सहाच्या पाचपट तीस सोडणारे लोक मध्यरात्री भरतीबरोबर सरकायला लागतात. साखळी सोडल्यावर इंजिन रिव्हर्सला घालून ताण द्यायचा आणि किनाऱ्यावरची दोन झाडं एका ओळीत धरून बघायची. ती एकमेकांपासून सरकली नाहीत तर नांगर धरलाय. मग खाली जाऊन चहा.

दिवली_बंदर

भरतीची वेळ बघायला ॲप आहेत, पण बॅटरी गेली तर आमच्या आज्याची रीत लक्षात ठेवा. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास. अष्टमीला आठाचे पाऊण, सहा वाजता भरती. अमावस्या-पौर्णिमेला दुपारी बाराच्या आसपास आणि उधाणाची. हे मुंबई-कोकणच्या किनाऱ्याचं गणित. मलेशियात तुमची तिथी तिथला तास सांगणार नाही, तिथे तिथलं कोष्टक घ्या. उधाण मात्र तिथेही अमावस्या-पौर्णिमेलाच.

पेठकर_सातारा

मतलई-खाऱ्यावरून आठवलं. आमच्या कोयनेचं पाणी खरं तर कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायचं. विजेसाठी बोगद्यातून पश्चिमेला उतरवलं, ते वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीत जातं. म्हणजे साताऱ्याचं पाणी दोन्ही समुद्रांना. बास, थांबतो.

गावभागातला_गण्या

हे भारी होतं काका. आत्ता थांबू नका.

सज्जनगड_ते_सागर

स्वयंपाक राहिला होता.

पाणी: आमच्या टाक्या साडेतीनशे लिटरच्या. दोघांना दिवसाला पंधरा-वीस लिटर पुरतं. विश्वास बसत नाही, पण पुरतं. आंघोळ समुद्रात, अंगावरून शेवटी दोन तांबे गोडं पाणी. भांडी आधी समुद्राच्या पाण्यात घासायची, गोड्याने फक्त विसळायची. भाताला किंवा बटाटे उकडायला पाव हिस्सा समुद्राचं पाणी घातलं की मीठ घालायला नको. बंदरात किंवा किनाऱ्याजवळच्या घाण पाण्यात यातलं काही करू नका. समुद्राचं पाणी गोडं करणारं मशीन येतं, महाग आहे, वीज खातं, आणि आमच्याकडे आहे. पण ते बंद पडेल असं धरूनच टाक्या भरते.

प्रेशर कुकर न्या, दोन न्या. जगभरच्या बोटीवाल्यांची ती लाडकी वस्तू आहे. गॅस वाचतो, आणि बोट कलली तरी झाकण घट्ट असल्याने डाळ सांडत नाही. शेगडी झुलती असते, बोट कलली तरी आडवीच राहते, आणि भांडी अडकवायला कडेला दांडे. भाकरी मात्र नांगरावरच. चालत्या बोटीत भाकरी थापायचा हट्ट मी सोडला, पोळ्यांवर आले.

भाज्यांचा प्रश्न आपल्या लोकांना सगळ्यात कमी पडतो. गोरे बोटीवाले मोड आणायला पुस्तकं वाचतात. आपण मटकी भिजवून फडक्यात बांधून टांगतो, बोटीच्या उकाड्यात दुसऱ्या दिवशी बोटभर मोड. कोबी, भोपळा, कांदे, लसूण, आलं टिकतं. अंडी न धुतलेली घ्या, फ्रिजशिवाय आठवडे जातात, रोज उलटी करून ठेवायची. सांडगे, मेतकूट, लोणचं, तासगावचे बेदाणे. रात्रीच्या पाळीला बेदाणे-शेंगदाण्यासारखं काही नाही, एका हाताने खाता येतं. आणि बाजारातून आणलेलं पुठ्ठ्याचं खोकं बोटीवर चढवायचं नाही. त्याच्या घड्यांमध्ये झुरळांची अंडी येतात. सगळं धक्क्यावरच काढून पिशव्यांत भरायचं.

बोट लागते का तुम्हाला? घाटात गाडी लागत असेल तर निघण्याच्या आदल्या रात्रीपासूनच डॉक्टरांना विचारून गोळी सुरू करा. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी उलटीतच जाते. आणि मळमळायला लागलं की चाक हातात घ्या, क्षितिजाकडे बघा. हेही एक कारण बायकोच्या हातात चाक देण्याचं.

विश्रामबागवाली

आंबेनळी घाटात लागते, साध्या घाटात नाही. म्हणजे मधली आहे मी.

तिकडची हवा कशी? आणि एका दिवसात किती अंतर जातो आपण? ह्यांच्या नकाशावर सगळं बोटभर लांब दिसतं.

कराडकर_चीफ

वेगाचं मी सांगतो, कारण पाहुण्यांचा सगळा भ्रमनिरास तिथेच होतो. तुमच्या मापाची बोट सरासरी पाच नॉट धरा. म्हणजे तासाला सव्वानऊ किलोमीटर. साताऱ्याहून सांगलीला यायला तेरा तास. सायकलवाला पुढे निघून जाईल.

लंगकावी ते फुकेत साधारण सव्वाशे सागरी मैल, पण मध्ये बेटांची रांग आहे, रोज संध्याकाळी कुठेतरी नांगर टाकता येतो. रात्री चालवायची गरज नाही. नवख्या जोडप्याला ह्याहून बरी जागा नाही. नोव्हेंबर ते एप्रिल तिकडचा कोरडा हंगाम, ईशान्येचा वारा, बेटांच्या आडोशाला पाणी सपाट. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ चक्रीवादळं सहसा येत नाहीत.

मग काय येतं? वीज. मलक्काच्या सामुद्रधुनीवर ढगांचा कडकडाट रोजचा म्हटला तरी चालेल, आणि सपाट पाण्यावर सगळ्यात उंच तुमची डोलकाठी. वादळ जवळ आलं की फोन, लॅपटॉप, हातातला जीपीएस ओव्हनमध्ये ठेवतात, लोखंडी पेटी म्हणून. (नंतर ओव्हन पेटवायच्या आधी बघा.) शिवाय पावसाळी महिन्यांत पहाटे सुमात्राच्या बाजूने काळा पट्टा येतो, त्याला तिकडे 'सुमात्रा'च म्हणतात. तासाभरात चाळीस नॉटचा वारा, मग काहीच न झाल्यासारखी शांतता. अंधार पडायच्या आत शीड कमी करून ठेवायचं ते ह्याच्यासाठी. आणि मासेमारीची जाळी. तो भाग रात्री इंजिनवर कापू नका, पंख्यात दोर अडकला की पुन्हा वहिनींची बुडी.

दिवली_बंदर

पुढेमागे बोट भारतात आणणार असाल तर आत्ताच लक्षात ठेवा: सॅटेलाइट फोन आणि सॅटेलाइटवर मेसेज पाठवणारी छोटी उपकरणं दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय इथे बाळगता येत नाहीत. विमानतळावर बॅगेत सापडलं म्हणून परदेशी पाहुणे अडकलेत. विमानाने घरी येताना ते उपकरण तिकडे बोटीवरच ठेवून या.

तिचाच_नवरा

बाबांचं कसं करायचं ह्यावर कुणी बोललं नाही. हिच्यापेक्षा तो प्रश्न मला जास्त आहे, तिला बोललो नव्हतो.

सज्जनगड_ते_सागर

दादा, आम्हीही त्याच वयाच्या माणसांना मागे ठेवून गेलो. एकच करता आलं. बोट कायम अशा ठिकाणी ठेवली जिथून एका दिवसात विमानाने घरी पोचता येतं. लंगकावीहून क्वालालंपूर, तिथून मुंबई, रात्री साताऱ्यात. प्रशांत महासागराचं तिकीट आम्ही अजून काढलेलं नाही ते ह्याच कारणाने. लोक विचारतात पुढे का जात नाही, मी हवामानाचं कारण सांगते. दिरांशी पैशाचं आणि पाळीचं आधी स्पष्ट बोलून घ्या, आणि वर्षातले पावसाळ्याचे महिने घरी यायचं ठरवा. बोट यार्डात उभी, तुम्ही तासगावात. व्हिसाच्या दृष्टीनेही बरं पडतं. मलेशियाने २०२३ च्या डिसेंबरपासून आपल्याला तीस दिवस व्हिसा माफ केलाय. पण तीस दिवसांत बोटीचं काम होत नाही, बाहेर जाऊन परत यावं लागतं. नियम निघायच्या आधी बघून घ्या, ते बदलत राहतात.

विश्रामबागवाली

ह्यांनी मला हे बाबांचं कधीच सांगितलं नव्हतं. इथे वाचलं. बरं झालं धागा काढला.

आमचं ठरलं ते सांगते. यंदा बोट घ्यायची नाही. आधी मी माझा कोर्स करणार, एकटी. मग तिथेच महिनाभर भाड्याची बोट, निम्मे दिवस मी कॅप्टन. ८८ किलो विंचने वर आलं तर बोट बघायला जाऊ. हे "बरं" म्हणाले, म्हणजे विचार चालू आहे.

लाइफ जॅकेट इथून न्यायचे का तिकडे घ्यायचे? हे ऑनलाइन बघतायत, फुगणारे आहेत, नळकांडंवाले.

कराडकर_चीफ

तिकडे घ्या, अंगाला लावून बघून. फुगणारं, दीडशे न्यूटनचं (पाण्यात उचलून धरायच्या ताकदीचं माप), कंबरेचा दोर अडकवायला कडी असलेलं. मांड्यांमधून जाणारा पट्टा हवाच, तो नसला तर पाण्यात जॅकेट डोक्यावरून वर सरकतं आणि माणूस खाली राहतो. गॅसचं नळकांडं विमानात न्यायला विमान कंपनीची आधी परवानगी लागते, ऐनवेळी बॅगेतून काढून घेतात. जादा नळकांडी पण तिथेच घ्या, जॅकेटच्याच मापाची. आणि दादांचं माप एक साइज मोठं.